गाईनं पाडलेला गडगा

मी आयुष्यात घातलेला पहिला गडगा, म्हणजे नुसत्या दगडांची भिंत, एका गाईनं पाडला. तोही एका रात्रीत. मान खाजवायला टेकली असेल, दुसरं काय. सकाळी आम्ही शेतात पोचलो तेव्हा ती ढासळलेल्या दगडांपलीकडे उभी राहून निवांत रवंथ करत होती. शेताच्या मालक आजोबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "तिला विचार, कुठला दगड आवडला नाही."

ही इनिश ईरवरची गोष्ट. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याला, गॉलवेच्या आखाताच्या तोंडाशी अरनची तीन बेटं आहेत: इनिश मोर, इनिश मान आणि इनिश ईर. त्यातलं ईर सगळ्यांत धाकटं. या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम तीन किलोमीटर, वस्ती साडेतीनशेच्या आतबाहेर. मी गॉलवेत वैद्यकीय उपकरणांच्या एका कारखान्यात क्वालिटीमध्ये काम करते. दिवसभर भिंगाखाली नळ्या तपासायच्या आणि दोष सापडला की लाल शिक्का मारायचा. हा स्वभाव बेटावर बरोबर घेऊन गेले आणि तिथे तोच आडवा आला, ते पुढे सांगते.

२४ जानेवारी २०२५ ला एओविन नावाचं वादळ आलं. गॉलवे जिल्ह्यातल्या मेस हेडला ताशी १८० किलोमीटरच्या वर वारा मोजला गेला, आयर्लंडमधला आजवरचा विक्रम. देशभरात साडेसात लाखांहून जास्त घरांची वीज गेली. आमच्या इमारतीच्या मागचं झाड आडवं झालं तेव्हा मी दोन दिवस मेणबत्तीवर होते. नंतर कँटीनमध्ये ज्याचं त्याचं रडगाणं चालू असताना ईरची एक सहकारी म्हणाली, "आमच्याकडे घरं टिकली गं, भिंती पडल्या. शेजारचे आजोबा एकटेच घालत बसलेत." मी सहज बोलून गेले, की माझे आजोबा, आमचे आबाही चुन्या-सिमेंटाशिवाय दगडी भिंती घालायचे, आम्ही त्याला गडगा म्हणतो. तिनं तो शब्द दोन-तीनदा घोळवून पाहिला आणि म्हणाली, "मग ये की. मेमध्ये लांब सुट्टी आहेच."

खरं सांगायचं तर आबा गडगे घालायचे तेव्हा मी आंब्याखाली बसून बघायचे. दगड हाताळायची वेळ कधी आलीच नव्हती. पण तिला हे कोण सांगणार!

तर शुक्रवारी, २ मेला, रॉसाव्हीलच्या धक्क्यावरून बोट धरली. साधारण तासाभराचा प्रवास, वाटेत इनिश मानला थांबा. बोटीत एका बाईच्या पायाशी वॉशिंग मशीनचं खोकं होतं, एकाच्या मांडीवर रोपांचा ट्रे. गावाकडे जाणाऱ्या एसटीत जे दिसलं असतं ते सगळं. ती बेटाची माणसं आपसात आयरिशमध्ये बोलत होती. आयर्लंडमध्ये इतकी वर्षं राहूनही ही भाषा मी फक्त रस्त्यांच्या पाट्यांवर आणि बसमधल्या घोषणांत ऐकलेली. इथे तिच्यात कोणीतरी कोणावर तरी चिडत होतं. भाषा जिवंत असल्याची याहून पक्की खूण नाही.

लांबून बेट राखाडी दिसतं. जवळ आलं की कळतं, ती जाळी आहे. दगडी भिंतींची जाळी, आणि तिच्या प्रत्येक घरात हिरवा चौकोन. काही चौकोन आपल्या अंगणापेक्षाही लहान. तिन्ही बेटांवर मिळून अशा भिंती चोवीसशे किलोमीटर भरतील असा अंदाज केला जातो. रत्नागिरीहून निघून दिल्ली गाठली तरी उरतील.

एवढ्या भिंती कशासाठी? मला वाटलं होतं, वाटण्या. कोकणातल्या माणसाला दुसरं काही सुचायचं नाही. आमच्या घरी आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि काका सात वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, कारण एका पावसाळ्यानंतर मधला गडगा हातभर सरकला होता. तो पाण्यानं सरकला की काकांनी, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. काका मात्र वारले. मी बेटावरच्या आजोबांना विचारलं, "ही सगळी हद्द आहे का?" त्यांनी हात पसरून सगळं रान दाखवलं आणि म्हणाले, "दगड कुठे ठेवणार मग?"

तेवढंच उत्तर. पण दोन दिवस वाकून झाल्यावर ते पुरतं कळलं. हे बेट म्हणजे चुनखडीचा एक सलग कातळ. समोर क्लेअर जिल्ह्यात बरन नावाचा जो खडकाळ प्रदेश आहे, त्याचंच समुद्रात शिरलेलं टोक. साधारण ३३ कोटी वर्षांपूर्वी उष्ण, उथळ समुद्राच्या तळाशी शंख-शिंपले आणि प्रवाळ साचून हा दगड झाला. ३३ कोटी हा आकडा ऐकून मी हसले. का हसले ते समजावून सांगण्यात आमचा सगळा चहा संपला. एवढे देव आहेत तर त्यातला एक तरी दगड उचलायला येतो का, असं त्यांनी विचारलं.

या कातळावर मुळात माती नव्हतीच म्हणायला हरकत नाही. जी आहे ती माणसांनी केलेली. सुटे दगड वेचून कडेला रचायचे, म्हणजे झाली भिंत. कातळाच्या भेगा बारीक दगडांनी बुजवायच्या. मग किनाऱ्यावरून वाळू आणि समुद्रातलं शेवाळ पाठीवरच्या टोपल्यांतून, नाहीतर गाढवावरून, वर आणून थर द्यायचे: वाळू, शेवाळ, भेगांतून खरवडलेली मूठ-मूठ माती, परत शेवाळ. त्यात बटाटा लावायचा. अशी पिढ्यान्‌पिढ्या केलेली जमीन वाऱ्यानं उडून जाऊ नये म्हणूनही भिंत. म्हणजे भिंत घातली म्हणून शेत झालं, आणि शेत करताना निघालेल्या दगडांनी भिंत झाली. आधी कोण, हा प्रश्न कोंबडी-अंड्यासारखाच.

असल्या खडकाळ जमिनीला इथे 'क्रेग' म्हणतात. आपला सडाच. आमच्याकडे श्रावणात सड्यावर सीतेची आसवं फुलतात, इथे मेमध्ये जेन्शन. बोटाच्या पेराएवढं फूल, पण निळा असा की बाकीच्या निळ्यांना लाज वाटावी. आल्प्सच्या डोंगरांत सापडणारं हे फूल इथे समुद्रसपाटीला गवतात उभं असतं, आणि त्याच्याजवळच, कातळाच्या उभ्या भेगेत, उबदार देशांतलं मेडनहेअर नेचं. आपल्याकडे विहिरीच्या कडांना ओलाव्यात येतं ना, त्याच जातीतलं. भेगेत हात घातला तर आत दमट, ऊबदार हवा लागते. वर वारा कान कापत असतो आणि आत वेगळंच हवामान.

आता गडग्याकडे येते.

पडलेली भिंत बारा पावलांची होती. पहिल्या दिवशी आम्ही एकही दगड रचला नाही. उलट, जे उभं होतं त्यातलंही थोडं पाडलं. पोट निघालेली भिंत तशीच ठेवून तिला नवी जोडली तर दोन्ही पडतात, हे त्यांचं म्हणणं. मग दगड वेगळे करायचे. मोठ्या फरश्या शेतात चार हातांवर, मध्यम त्याच्या अलीकडे, मुठीएवढे पायाशी. वरच्या थराचे दगड सगळ्यांत लांब, कारण ते सगळ्यांत शेवटी लागणार. मला वाटलं ही नुसती हमाली. पण संध्याकाळी लक्षात आलं की प्रत्येक दगड एकदा हातातून गेल्यामुळे मला ते चेहऱ्यानं ओळखू यायला लागलेत. एकावर शिंपल्याचा पंख्यासारखा ठसा होता. एक मधोमध गोल भोक पडलेला. आणि एक तर चुनखडीचा नव्हताच: गुलाबी, खरखरीत ग्रॅनाइट. "तो कॉनेमाराचा," आजोबा म्हणाले. हिमयुगात बर्फानं उत्तरेकडून, खाडीपलीकडून ढकलत आणलेला. असे परके गोटे बेटावर ठिकठिकाणी पडलेत. "सपाट नसतात. कुठेच नीट बसत नाहीत. पण तळाला घातले तर हलतही नाहीत." मी तो दोन्ही हातांनी कवळून नेला आणि दुसऱ्या दिवशी पायात बसवला. उगाच आपुलकी वाटली.

दुसऱ्या दिवशी रचाई. या बेटांवरच्या एका खास धाटणीला फेडीन म्हणतात. पायात कातळ लागेपर्यंत माती खरवडायची. मग अंदाजे हातभर अंतरावर मोठ्या फरश्या उभ्या रोवायच्या, एकेक कमरेएवढी. या आया. दोन आयांच्या मधे लहान दगड घट्ट भरायचे, ती पोरं. आणि त्यावर मोठे, जड दगड. "आणि बाप?" मी विचारलं. "तोच वर बसलाय. काम काही नाही, नुसतं वजन टाकायचं." हा विनोद त्यांनी याआधी हजार वेळा केला असणार, पण टाकला अगदी ताज्यासारखा.

हत्यारं म्हणजे एक पहार, एक हातोडा आणि दोन काठ्यांना बांधलेली मासेमारीची निळी दोरी. हातोडा दिवसभरात चारदा उचलला असेल. दगड घडवायचा नाही, त्याची जागा शोधायची. आणि एकदा उचललेला दगड परत खाली ठेवायचा नाही, हा दंडक. हातात घेतलास, आता त्याला घर दे. मी पहिल्या तासात पंधरा तरी दगड उचलून, फिरवून, परत टाकले. ते काही बोलले नाहीत. फक्त माझ्या पायाशी पडलेल्या ढिगाकडे बघून म्हणाले, "सगळे अनाथ केलेस."

रचायचे नियम मोजके. एका दगडाखाली दोन, दोघांवर एक. दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत जाऊ दे, दर्शनी भागावर मिरवायची नाही. प्रत्येक दगड शेजाऱ्याला टेकलाच पाहिजे. हलत असेल तर मागून कपची घाल, पुढून नको. पुढून घातलेली कपची वारा काढून नेतो. आबा काय करायचे ते मला त्या क्षणी आठवलं. दगड ठेवला की त्यावर तळहात टेकून ते किंचित वजन टाकायचे आणि कान लावल्यासारखी मान वाकडी करायचे. मी लहानपणी समजायचे की ते दगडाशी बोलतात. ते डुगडुग ऐकत होते.

दुपारपर्यंत माझा तीन फुटांचा तुकडा छातीपर्यंत आला. आणि इथे माझा कारखाना जागा झाला. भिंतीतून पलीकडचं दिसत होतं! नुसती भोकं. मी दोन तास बसून एकेक भोक बारीक दगडांनी बुजवलं. सुबक, चपखल, एक फट नाही. लाल शिक्का मारायला जागाच ठेवली नाही. आजोबा आले, भिंतीला वाकून एक डोळा लावला आणि म्हणाले, "अंधार आहे."

"छान बसलंय ना?"

"वारा कुठून जाईल?"

त्यांनी शेजारच्या, वादळात टिकलेल्या भिंतीपाशी नेलं. ती जाळीदार होती, पलीकडचं गवत आणि समुद्र तुकड्या-तुकड्यांनी दिसत होता. तिच्या आडोशाला बसवून म्हणाले, "बस." बसले. वारा भिंतीतून येत होता, पण गाळून. चेहऱ्याला नुसती झुळूक. बंद भिंतीला वारा पूर्ण जोरानं आदळतो, वरून उसळून पलीकडे गरगरतो आणि तिकडचं पीक झोपवतो. शिवाय भिंत ढकलतो ती वेगळीच. सच्छिद्र भिंत त्याला वाट देते, म्हणून टिकते. शिवाय मेंढ्या-गुरं असल्या भिंतीवर चढत नाहीत. आरपार उजेड दिसला की त्यांना ती डळमळीत वाटते, असं आजोबांचं मत. आमच्या गाईनं ते मत ऐकलं नव्हतं.

मग मी घातलेल्या कपच्या एकेक करून काढल्या. माझ्या तुकड्यात ज्या तीन ठिकाणी सांधे एकावर एक आले होते, ते त्या कपच्यांनीच झाकून धरले होते. सांधमोड म्हणतात ती मी केलीच नव्हती. झाकण गेलं आणि उघडं पडलं. आजोबांना ते तेव्हाच दिसलं असणार याची मला आता खात्री आहे. पण त्यांनी 'चहा' एवढंच म्हटलं. बाकीचं रात्री गाईनं सांगितलं.

मुक्काम सहकारिणीच्या आईकडे, म्हणजे काकूंकडे. या घरमालकिणीला 'बान अ टी' म्हणतात, म्हणजे घरची बाई. उन्हाळ्यात देशभरातून शाळकरी मुलं आयरिश शिकायला तीन-तीन आठवडे बेटावर येतात आणि अशा घरांत राहतात. तिच्या मागच्या खोलीत दुमजली पलंगांच्या रांगा लावायचं काम चाललं होतं. घरात शिरताना मी पाठ केलेलं 'दीया ग्विच' म्हटलं. अर्थ, देव तुझ्यापाशी असो. त्यावर उत्तर येतं, 'दीयस म्विरे ग्विच', म्हणजे देव आणि मेरी तुझ्यापाशी असोत. तुम्ही एक देव दिला की समोरचा दोन परत करतो. राम रामला राम राम म्हणून आपण फिट्टंफाट करतो, इथे व्याज आहे.

जेवायला उकडलेले बटाटे, मॅकरेल म्हणजे आपला बांगडाच म्हणा, त्याचा भाऊबंद, आणि सोडा घालून केलेला ब्रेड. मी बांगड्याला डब्यातलं मालवणी तिखट लावून तव्यावर टाकलं. काकूंनी खिडकी उघडली, पण खाल्लं.

संध्याकाळी पाचनंतर बेट बदलतं. सकाळी येणारे प्रवासी, त्यांचे घोडागाडीचे फेरे, भाड्याच्या सायकली, सगळं शेवटच्या बोटीबरोबर निघून जातं आणि रस्त्यावर एकदम ट्रॅक्टरचा आवाज ऐकू यायला लागतो. मेच्या सुरुवातीला उजेड रात्री नऊपर्यंत असतो. काकू मला घेऊन फिरायला निघाल्या.

टेकडीवरचा ओब्रायनांचा चौदाव्या शतकातला किल्ला, त्याच्याभोवती त्याहून कितीतरी जुना गोल कोट, दक्षिण टोकाला १८५७ पासून असलेलं दीपगृह, हे सगळं लांबूनच बघितलं. पाय दुखत होते. मात्र पूर्वेच्या किनाऱ्यावरच्या प्लासीपर्यंत गेलो. ही मालवाहू बोट ८ मार्च १९६० च्या वादळात फिनिस नावाच्या खडकावर चढली. बेटावरच्या लोकांनी किनाऱ्यावरून रॉकेटनं दोर फेकला आणि दोराला लटकवलेल्या पाळण्यातून अकराच्या अकरा खलाशी एकेक करून ओढून आणले. पुढे काही आठवड्यांनी दुसऱ्या वादळानं ती रिकामी बोट उचलून किनाऱ्यावर, दगडगोट्यांच्या राशीवर आणून टाकली. अजून तिथेच आहे. लोखंडाला पापुद्रे सुटलेत, पत्र्याला हात एवढी भोकं पडलीत. काकू त्यातून पलीकडे बघत म्हणाल्या, "ही पण आता वारा जाऊ देते."

धक्का नीट नव्हता त्या काळच्या आठवणी त्यांच्याकडे भरपूर. १९५८ ते १९८८ 'नेव एना' नावाची आगबोट गॉलवेहून यायची, पण ईरला ती किनाऱ्याला लागू शकत नसे. लांब उभी राहायची. मग इथून करख निघायच्या. करख म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर लावलेलं कापड ताणून केलेली होडी, दोन माणसं डोक्यावर पालथी घेऊन चालू शकतात इतकी हलकी. माणसं, पिठाची पोती, सगळं त्यातून. गाय विकायची तर तिला होडीमागे पोहत न्यायचं आणि पोटाखालून पट्टे घालून क्रेननं वर उचलायचं. "ती हवेत लटकली की ओरडायची नाही," काकू म्हणाल्या. "गप्प व्हायची. ते जास्त वाईट."

आणि एक गोष्ट ऐकून मी रस्त्यातच थांबले. बेटावर झाड नाही, पीट नाही. पीट म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली जळाऊ माती. ती कॉनेमाराहून शिडाच्या होड्यांतून यायची. ती परवडत नसे तेव्हा गाईचं शेण वाळवून जाळायचे. मी गोवऱ्या थापण्याचा अभिनय करून दाखवला, भिंतीवर पंजा उठतो तोसुद्धा. काकू म्हणाल्या की त्यांच्याकडे थापत नसत, शेतात सुकलेलं वेचून आणत. पण धुराचा वास अजून नाकात आहे. मलाही.

रविवारी सकाळी काम बंद. आजोबा प्रार्थनेनंतर मला कब्रस्तानात घेऊन गेले. वाळूच्या उंचवट्यावर थडगी आहेत आणि मधोमध एक खड्डा. त्या खड्ड्यात देऊळ. बेटाचा संत क्वीवान, त्याचं हे छोटं चर्च वाळूत बुडालेलं आहे. छप्पर केव्हाच गेलं, भिंतींची डोकी आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीला. वारा दरवर्षी ते वाळूनं भरतो आणि १४ जूनला संताचा दिवस, त्याआधी बेटाची माणसं फावडी घेऊन येतात आणि उपसतात. "किती वर्षं?" मी विचारलं. "माझे आजोबा उपसायचे," ते म्हणाले. एखादं छप्पर, एखादी संरक्षक भिंत घालून टाकली तर वाळू येणार नाही, असं माझ्या तोंडावर आलं होतं. आदल्या दिवशीच्या कपच्या आठवल्या आणि मी गिळलं.

दुपारी मात्र ते स्वतःच फावडं नसलेल्या हातांनी दोन ओंजळी वाळू उंबऱ्यावरून काढून आले. जूनपर्यंत थांबवलं नसावं.

सोमवारी, शेवटच्या दिवशी, पडलेला तुकडा परत घातला. या वेळी मी कमी बोलले. उभ्या फरश्या आजोबांनी रोवून दिल्या, पोरं मी भरली. तिसऱ्या थराला एक दगड असा बसला की टक्‌ असा आवाज आला, कुलूप लागल्यासारखा. आजोबा पाठमोरे होते. न वळता म्हणाले, "हां." तीन दिवसांत मिळालेली ही एकमेव शाबासकी. नोकरीत मला दोन प्रमाणपत्रं मिळालीत, ती कुठे ठेवलीत आठवत नाही.

मग एक गंमत झाली. गाईला दुसऱ्या शेतात न्यायचं होतं आणि मी फाटक शोधत होते. फाटक नव्हतंच. बहुतेक शेतांना नसतं. लाकूड कुठून आणणार? आजोबा भिंतीच्या एका ठरावीक जागी गेले. तिथले दगड उभे, सैल रचलेले. सवयीच्या डोळ्याला तेवढे वेगळे दिसतात. याला 'बार्ना' म्हणतात, म्हणजे खिंड. त्यांनी दगड भराभर उतरवून बाजूला ठेवले, गाय ओलांडून गेली, आणि दगड परत रचले. घड्याळ लावलं होतं मी: सात मिनिटं. दगडांवर वर्षानुवर्षांच्या हातांनी तुळतुळीत झालेल्या जागा होत्या, अगदी उंबऱ्यासारख्या. कुठला दगड कुठल्यावर, हे त्यांना बघावंही लागत नव्हतं. या भिंतींच्या कामाला २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. कोरड्या दगडी रचाईच्या नोंदीत आधी दुसरे काही युरोपीय देश होते, त्यात आयर्लंडही आलं. आजोबांना मी हे विचारलं तर म्हणाले, "हो, ऐकलं. गाईला सांगायचं राहिलंय."

बोटीला निघताना त्यांनी माझे हात हातात घेऊन उलटे-सुलटे बघितले. बोटांची टोकं सोललेली, डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं. म्हणाले, "सप्टेंबरमध्ये ये. पश्चिमेची भिंत अजून लांब आहे." मी 'गुरा महागत' म्हटलं. आभाराचे हे शब्द मला येतात हे त्यांना चार दिवस माहीत नव्हतं, की माझा उच्चार त्यांना कळलाच नव्हता, कोण जाणे.

घरी पोचल्यावर आप्पांना राजापूरला व्हिडिओ कॉल लावला. भिंतीचे फोटो आधीच पाठवले होते. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, फोन नाकाला लावला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे आईच्या कुकरची शिट्टी झाली.

"माती नाही घातली गो मधे?"

"नाही आप्पा. नुसते दगड."

"आणि पाण्याला वाट?"

"सगळीच वाट आहे."

"हं." मग बोटांनी फोटो मोठा करत, "हा खालचा तांबूस कुठला?" मी बर्फाची गोष्ट सांगितली. ती त्यांना पटल्यासारखी वाटली नाही. "आणि बेडं कुठाय? गुरं आतबाहेर कशी करतात?"

बार्ना समजावून सांगितली. दगड काढायचे, गाय न्यायची, दगड लावायचे. रोज.

"म्हणजे रोज गडगा पाडायचा नि रोज घालायचा?"

"हो."

आप्पा फोटोकडे बघत राहिले. "आणि तो दुसऱ्या दिवशी हातभर सरकत नाही?"